जर्मनचे शब्द, रेघांचे नकाशे आणि सीताबर्डीला गाडी बदलणे

धरमपेठी

नमस्कार मंडळी. मी नागपुरात जर्मन शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त मुली नर्सिंग झालेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या, बाकी थोडे इंजिनियर आणि एक निवृत्त काका, ज्यांचा नातू तिकडे जन्मलाय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून चौकशीचे फोन वाढले. "मॅडम, किती महिन्यांत होते?" हा पहिला प्रश्न आणि "शब्द लक्षातच राहत नाहीत" ही पहिली तक्रार. तक्रार खरी आहे. गोएथे संस्थेच्या ए-१ (सर्वात पहिली पातळी; पुढे ए-२, बी-१, बी-२) परीक्षेच्या अधिकृत यादीत साधारण ६५० शब्द, बी-१ ला तेच २४०० च्या घरात. आणि नर्सला तिथे मान्यता मिळवायला सहसा बी-२ लागतं. वहीत मधोमध रेघ मारायची, डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी, आणि घोकत बसायचं, हा प्रकार इथवर पुरत नाही.

मी शब्दांचे नकाशे काढून घेते, म्हणजे शब्द कागदावर मांडून रेघांनी जोडायचे. पण "मध्ये गोल, त्यात 'फळे', भोवती सफरचंद-केळं-संत्रं" असा जो तक्ता शाळेच्या भिंतीवर असतो, तो मला अभिप्रेत नाही. तो दिसायला छान, कामाचा कमी. का ते पुढे सांगते. आधी माझा आवडता नकाशा.

फळ्यावर नागपूर मेट्रोच्या दोन रेघा काढते. ऑरेंज लाइन उभी, अ‍ॅक्वा लाइन आडवी, मध्ये सीताबर्डी. खापरीला एक मुलगी उभी आहे, तिला लोकमान्य नगरला जायचंय. खापरीपाशी लिहायचं 'आइनश्टायगेन' (चढणे), सीताबर्डीपाशी 'उमश्टायगेन' (गाडी बदलणे), लोकमान्य नगरपाशी 'आउसश्टायगेन' (उतरणे). तिन्हींत 'श्टायगेन' तेच, पुढचा तुकडा बदलला. हा तुकडा मुलींनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा आणि फळ्यावर चिकटवायचा. कारण वाक्य करायला गेलं की तो उठून शेवटी जाऊन बसतो: "इश श्टायगे इन सीताबर्डी उम." चिठ्ठी हातात धरून वाक्याच्या शेवटी नेऊन लावली की जी गोष्ट व्याकरणाच्या तासाला डोक्यावरून जाते ती बोटांना कळते. मग त्याच रेघांवर फलाट, तिकीट, वेळापत्रक, उशीर हे आपापल्या जागी बसतात. तिकीट म्हणजे 'फारकार्टे', वेळापत्रक 'फारप्लान', दोन्हींत 'फार' (प्रवास) आहे हे मुलीच शोधून काढतात.

तुम्ही कोणी इंग्रजी, जपानी, फ्रेंच, अगदी संस्कृतही अशा पद्धतीने शिकवत असाल तर लिहा. विरोधही चालेल.

कावेरी_सदर

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी मुलीला फ्रेंच शिकवायच्या प्रयत्नात आहे (मी स्वतः अर्धवट शिकलेली). पण भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यात वाईट काय? आमच्या घरी तेच लावलंय.

बर्डीवाला

काय राजेहो, शब्द पाठ कराचे का चित्रकलेचा तास घ्याचा? आमचा पोट्टा इंग्रजीच्या क्लासले जाते. तिथं बी माइंड मॅप. दोन तास स्केचपेननं फुलं-पानं काढते, आन् रात्री इचारलं का 'branch' म्हणजे काय त माह्या तोंडाकडे पाह्यते. तक्ता मात्र एकदम फर्स्टक्लास! आमच्या वेळी मास्तर पाढ्यासारखे शब्द म्हणून घे, अन् ते आजबी ध्यानात हायेत.

धरमपेठी

कावेरीताई, तक्ता लावून ठेवा, पण नवे शब्द शिकवायची सुरुवात त्याने करू नका. टिंकहॅम नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये हे तपासलं. शर्ट, जॅकेट, स्वेटर असे एकाच जातीचे नवे शब्द एकदम दिले की शिकायला जास्त खटपट लागते, कारण ते एकमेकांत मिसळतात. त्याउलट एका प्रसंगातले शब्द, म्हणजे बेडूक, हिरवा, उडी मारणे, तळं असे, सोपे जातात. वेअरिंगने १९९७ मध्ये जपानी विद्यार्थ्यांबरोबर हाच प्रयोग केला, तिथेही सारख्या जातीचे शब्द जडच गेले.

तुमच्या तक्त्यावर सफरचंद, नासपती, पीच शेजारी बसलेत. मुलीला फ्रेंचमध्ये 'पॉम' आणि 'प्वार' यात गोंधळ झाला तर दोष तिचा नाही. त्याऐवजी "आई सीताबर्डीच्या बाजारात गेली, सफरचंद विकत घेतलं, पिशवीत टाकलं, घरी येऊन धुतलं, कापलं" असा नकाशा काढा. एकच फळ, पण क्रियापदं चार. दुसरं फळ पुढच्या आठवड्यात. सगळे शब्द ओळखीचे झाले की मग तक्ता उजळणीला उत्तम.

बर्डीवाले भाऊ, तुमच्या मुद्द्याशी मी बरीच सहमत आहे. स्केचपेनवर माझ्या वर्गात बंदी आहे. तीन पेनं फक्त: निळं, लाल, हिरवं. त्याचं कारण वेगळं आहे, ते शब्दांच्या लिंगाचं. सवडीने लिहिते.

अक्षरगणित

धागा चांगला आहे, पण एक खडा टाकतो. नकाशे काढण्यापेक्षा पुस्तक मिटवून आठवणं जास्त टिकतं, असं पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्पिके आणि ब्लंट यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं. विद्यार्थ्यांना विज्ञानाचा उतारा दिला. एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढला, दुसऱ्याने वाचून, बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवणारे पुढे. गंमत म्हणजे परीक्षेतच नकाशा काढायला सांगितला तेव्हाही आठवणारेच पुढे! म्हणजे बर्डीवाल्यांचे मास्तर पाढे म्हणून घेत ते अगदीच वेडे नव्हते.

बर्डीवाला

घ्या! आता इग्यानबी माह्या बाजूनं.

धरमपेठी

अक्षरगणित, मुद्दा बरोबर, पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच दोघांनी २०१४ मध्ये आणखी एक अभ्यास केला. त्यात नकाशाही उतारा न बघता, आठवून काढायला लावला. तेव्हा नकाशाने आठवून लिहिण्याच्या तोडीस तोड काम केलं. म्हणजे अडचण नकाशात नाही, उघड्या पुस्तकात आहे. समोर बघून नकाशा काढणं म्हणजे नक्कल, आणि ती जितकी सुबक तितकी डोक्याला सुट्टी.

माझ्या वर्गात पहिला नकाशा सगळे मिळून फळ्यावर काढतो. मग फळा पुसते. हो, पुसतेच, मुली ओरडतात तरी. फोटो काढायला बंदी. मग ज्याने त्याने वहीत पेन्सिलीने आठवून काढायचा, पाच मिनिटं. जे आठवत नाही तिथे रिकामा गोल ठेवायचा, कारण काहीतरी राहिलंय हे कळणं हीच निम्मी आठवण. मग शेजारणीशी ताडून गोल भरायचे, त्या भरलेल्या शब्दांखाली रेघ. तीन दिवसांनी परत. दुसऱ्या वेळी ज्या शब्दांखाली पुन्हा रेघ येते, ते चिठ्ठीवर लिहून लाइटनरच्या डब्यात जातात. (लाइटनर हा जर्मन विज्ञान-पत्रकार. १९७० च्या दशकात त्याने कप्प्यांच्या डब्याची पद्धत लोकप्रिय केली: आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला परत पहिल्या.) यादी आणि घोकंपट्टीला माझा विरोध नाही, बर्डीवाले भाऊ. यादी आधी की नकाशा आधी, एवढाच वाद आहे.

तळ्याकाठची

मी जपानी शिकवते, फुटाळा तलावाजवळ राहते, म्हणून हे नाव. आमच्याकडे नकाशा दोन प्रकारे लागतो.

एक कांजीसाठी, म्हणजे चीनमधून आलेल्या जपानी चित्राक्षरांसाठी. झाडाची खूण एकदा काढली की 'की' म्हणजे झाड. दोन झाडं शेजारी काढली की 'हायाशी', राई. तीन काढली की 'मोरी', घनदाट वन. झाडाला टेकलेला माणूस काढला की 'यासुमु', विश्रांती घेणे. हा नकाशा मुलांना इतका आवडतो की पुढचे दोन दिवस ती सगळ्या कांजींत गोष्टी शोधत बसतात, आणि तिथे सावध राहावं लागतं. बऱ्याच कांजींत एक तुकडा अर्थाचा असतो आणि दुसरा फक्त उच्चाराचा. तिथे गोष्ट रचली तर मजा येते, पण ती खोटी असते.

दुसरा, आणि मला जास्त महत्त्वाचा, रेघांवर प्रत्यय लिहिण्याचा. 'मेट्रोने जातो' यात जे 'ने' आहे ते जपानीत 'दे'. मेट्रोपासून माणसापर्यंत रेघ ओढून तिच्यावर 'दे'. बसमध्ये चढताना 'नि', 'बासु नि नोरु'. पण उतरताना मराठी मुलं 'बसमधून' म्हणून अडखळतात. तिथे 'ओ' लागतो, 'बासु ओ ओरिरु'. हा 'ओ' त्या रेघेवर लाल पेनाने. शब्द एकवेळ अर्थाने आठवतो, प्रत्यय मात्र जागेनेच आठवतो असा माझा अनुभव.

धरमपेठी, तुमची मेट्रो मी ढापतेय, हं.

धरमपेठी

ढापा, बिनधास्त. रेघेवर लिहिण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी संकल्पना-नकाशा बसवला, त्यात रेघेवर जोडणारा शब्द असतो. माइंड मॅपच्या फांद्यांवर तो नसतो. भाषेच्या वर्गात मला नोव्हाकचाच उपयोगी वाटतो. गोलात नाम, रेघेवर क्रियापद.

आता लिंगाबद्दल, वर कबूल केलं होतं. जर्मनमध्ये डेअर, डी, दास, आपल्याकडे तो, ती, ते. इंग्रजी माध्यमाची मुलं तीन लिंगं ऐकून घाबरतात, मराठी मुलं म्हणतात, "बस एवढंच?" आणि फसतात, कारण लिंगं तीन असली तरी वाटणी वेगळी. म्हणून नकाशात प्रत्येक नामाचा गोल रंगाने: डेअर निळा, डी लाल, दास हिरवा. आणि गोलाखाली मराठी लिंग बारीक अक्षरात. चंद्र तो, 'मोंड' डेअर, जुळलं, सोडून द्या. सूर्य तो, पण 'झोने' डी, म्हणजे बाई! तिथे दुहेरी गोल. पुस्तक ते आणि 'बूख' दास, जुळलं. खुर्ची ती, पण 'श्टूल' डेअर. खिडकी ती, 'फेन्स्टर' दास. दार ते, 'ट्यूर' डी. मुलगी ती, पण 'मेडशेन' दास, यावर वर्गात दरवर्षी गोंधळ होतो. मग मी विचारते, लेकरू कोण? ते. पिल्लू? ते. 'शेन' लागला की लहान, गोंडस, आणि नेहमी दास. मुली गप्प.

म्हणजे पाठ करायचे ते फक्त दुहेरी गोलवाले. बाकीचे मराठीने फुकट दिलेत.

मेघदूत_रामटेक

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सन २००० पासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, पण गावातल्या मुलाला इंग्रजी परकीच. वर्गात चार्टपेपर नाही, रंगीत पेनं तर नाहीतच. आम्ही मैदानात खडूने नकाशा काढतो.

विषय संत्र्याचा बगीचा, कारण निम्म्या मुलांचे आईबाप त्यात कामाला जातात. झाड, फांदी, तोडणे, टोपली, ट्रॅक्टर. एकेक मूल एकेका शब्दाच्या जागी उभं राहतं, मधल्या मुलाच्या हातात सुतळीचा गुंडा. जो वाक्य बोलेल त्याच्याकडे सुतळी जाते. "वुई पिक ऑरेंजेस." सुतळी झाडाकडून टोपलीकडे. शेवटी सगळं जाळं तयार झालं की एका मुलाला खाली बसवतो. सुतळी ढिली पडते, आणि उरलेल्यांनी सांगायचं कोणता शब्द हरवला. धिंगाणा फार होतो, मुख्याध्यापक येऊन बघून जातात.

एक शंका. गोड-आंबट, वर-खाली अशा जोड्या एकत्र शिकवाव्या का? पुस्तकात तर जोडीनेच असतात.

धरमपेठी

सर, सुतळीची कल्पना भन्नाट. जोड्यांबद्दल: ओळखीच्या असतील तर एकत्र, नव्या असतील तर नको. दोन्ही नवे शब्द एकाच दिवशी शिकलेलं मूल पुढे "स्वीट म्हणजे गोड की आंबट?" यातच अडकतं. तुमच्या बगीच्यात आधी फक्त 'स्वीट' ठेवा, संत्र्याला जोडून. 'सावर' पुढच्या पंधरवड्यात, लिंबाला जोडून, लिंबाच्या नकाशात. मग दोन्ही नकाशे भिंतीवर शेजारी लावा आणि मध्ये रेघ ओढा. पुस्तकाचा क्रम आपण थोडा मोडला तर कोणी फाशी देत नाही.

कावेरी_सदर

सर, तुमच्या शाळेत मला प्रवेश मिळेल का?

अक्षरगणित

धरमपेठी, टिंकहॅमच्या प्रयोगात बनावट शब्द वापरले होते ना? खऱ्या भाषेत, खऱ्या वर्गात तसंच होईल याची हमी काय?

धरमपेठी

बनावट शब्दच होते, बरोबर. म्हणून मी त्याला नियम मानत नाही, क्रम ठरवायला वापरते. वर्गात प्रसंग असतो, हावभाव असतात, चुकीवर हशा पिकतो. एवढं सगळं असलं की थोडी सरमिसळ खपते. पण ज्या वर्गात फक्त यादी आहे तिथे सारखे शब्द एकत्र देणं म्हणजे मुद्दाम वाट अवघड करणं.

बर्डीवाला

आता मॅडम, एक खरं खरं सांगा. लांबलचक शब्दाचं काय? माह्या भाचीनं काल एक शब्द म्हणून दाखवला, मले वाटलं पोट्टी श्लोक म्हणून राह्यली.

धरमपेठी

भाऊ, लांब शब्दच सोपे असतात! ते सामासिक आहेत. देव तो, घर ते, मग देवघर काय? ते. शेवटच्या शब्दाचं लिंग अख्ख्या समासाला. जर्मनमध्ये तंतोतंत हेच. 'हाउस' दास, म्हणून 'क्रांकनहाउस' (दवाखाना) दास. 'वागेन' डेअर, म्हणून 'क्रांकनवागेन' (अ‍ॅम्ब्युलन्स) डेअर. 'कासे' डी, म्हणून 'क्रांकनकासे' (आरोग्य विमा संस्था) डी. मध्यभागी 'क्रांक', आजारी, आणि बाहेर जाणाऱ्या रेघा. नर्सिंगच्या मुली हा नकाशा सर्वात आधी काढतात, आणि समासाचा विग्रह शाळेत केलेला असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुली इथे इंग्रजी माध्यमवाल्यांच्या पुढे जातात. हे पाहायला मला भारी आवडतं, खोटं कशाला बोलू.

भाचीला सांगा, शब्द उजवीकडून वाच.

शुश्रूषा

मी याच वर्गात नाही, पण नर्स आहे आणि दुसरीकडे ए-२ करून राहिली. आमच्याकडे यादीच देतात. मला पेशंटच्या दुखण्याचे शब्द येत नाहीत. डोकेदुखी म्हणायला दोन प्रकार सांगितले, एकात 'श्मेर्त्सेन' आणि दुसऱ्यात 'वे टून'. दोन्ही एका नकाशात घेऊ का? ड्युटी करून घरी आल्यावर डोकं चालत नाही, सोपं काय ते सांगा.

धरमपेठी

ताई, एका नकाशात नका घेऊ. आधी 'वे टून' घ्या, कारण ते आपल्यासारखंच आहे. "माझं डोकं दुखतं" म्हणजे "माइन कोप्फ टूट वे". दुखतं ते डोकं, कर्ता डोकंच. अनेक असले की आपल्यासारखंच बदलतं: डोळे दुखतात, "माइने आउगेन टून वे".

कागदावर माणसाची आकृती काढा, नाक-डोळे काढायची गरज नाही. डोकं, डोळे, पोट, पाठ, गुडघा. प्रत्येकापासून बाहेर रेघ, एक अवयव असेल तर रेघेवर 'टूट', दोन असतील तर 'टून'. रेघेच्या टोकाला तुमच्या वॉर्डातला एखादा पेशंट आठवा, नाव नको, "खाट क्रमांक अमुकच्या आजी" एवढंच. त्या आजींचं पोट दुखत होतं ना, तर 'बाउख'. कागद उशाखाली ठेवू नका, ड्युटीला जाताना बसमध्ये मनातल्या मनात काढा, घरी आल्यावर ताडून पाहा. हे पक्कं झालं की आठवड्याने 'श्मेर्त्सेन' घ्या. तिथे "मला डोकेदुखी आहे" अशी रचना, "इश हाबे कोप्फश्मेर्त्सेन", आणि वरचाच समासाचा नियम: कोप्फ, बाउख, र्‍युकेन पुढे, श्मेर्त्सेन मागे.

पाच वाक्यं करून इथेच टाका, तपासते.

शुश्रूषा

माइन कोप्फ टूट वे. माइन बाउख टूट वे. माइने आउगेन टून वे. माइन र्‍युकेन टूट वे. माइने क्नी टूट वे.

धरमपेठी

पहिली चार चोख. पाचव्यात, एक गुडघा असेल तर 'माइन क्नी टूट वे'. 'क्नी' दास आहे, म्हणून 'माइन'. आणि गुडघा तो, म्हणजे दुहेरी गोल.

तळ्याकाठची

दोन्ही गुडघे दुखत असले तर?

शुश्रूषा

मग माइने आणि टून. डबल ड्युटी झाली की तसंच होते.

बर्डीवाला

आमचं बी लिहून घ्या, माइन र्‍युकेन टूट वे. दिवसभर दुकानात बसून. पोट्ट्याले सांगतो आता, फुलं-पानं बंद, फळा पुसून काढ म्हणून.